ग्लासात काय दिसतं

तुमच्यापैकी कोणाच्या नाकासमोर सकाळी सकाळी कोणी डिझेलचा ग्लास धरला आहे का? माझ्या नाकासमोर वर्षानुवर्षं धरला गेला. टपरीवरचा चहाचा काचेचा ग्लास, त्यात अर्ध्याच्या वर डिझेल आणि तो धरणारा काळ्या नखांचा हात. पाठोपाठ प्रश्न.

"बघा भाऊसाहेब. काय दिसतं?"

"ठीक आहे" एवढ्यावर सुटका नसायची. ठीक म्हणजे काय, ते सांगावं लागायचं. रंग कसा, तळाशी रेघ आहे का, थेंब लोळतात का, कचरा फिरतो का. सगळं ऐकून घेतल्यावर ते ग्लास स्वतःच्या डोळ्यांपुढे धरायचे, उजेडाकडे तोंड करून मान हलवायचे आणि म्हणायचे, "बराबर." तोंडी परीक्षेत पास झाल्यासारखं मला वाटायचं.

आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात कुठल्याही जुन्या ड्रायव्हरला उस्तादच म्हणतात, त्यामुळे त्यात विशेष काही नव्हतं. खरं नाव होतं, पण ते पगाराच्या दिवसापुरतं. मी ते इथे लिहीत नाही. त्या नावानं मी त्यांना कधी हाक मारली नाही, आता मागून कशाला मारू?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात लागलो. बी.कॉम. झालो होतो, बँकेच्या परीक्षा देत होतो, तोवर काहीतरी हवं म्हणून. ते 'तोवर' अजून संपलेलं नाही. शेठचे मोजके ट्रक होते. लासलगावहून कांदा, पिंपळगावहून टोमॅटो उचलायचा आणि कसारा घाट उतरून मुंबईला टाकायचा. ऑफिसच्या मागे आवार होतं, तिथे गाड्या उभ्या राहायच्या. डिझेल, टायर आणि ड्रायव्हर लोकांची कागदपत्रं ही माझी कामं.

ज्यांचा ट्रकशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. डिझेलमध्ये पाणी शिरतं. कधी पंपावरूनच येतं, कधी टाकीच्या झाकणातून पावसाचं जातं. हे पाणी जड, म्हणून तळाशी बसतं. इंजिनाच्या आधी फिल्टर असतो, त्याच्या बुडाशी एक स्क्रू. तो ढिला केला की खाली साचलेलं पाणी आधी बाहेर येतं. ते ग्लासात धरलं की वर पिवळसर डिझेल, खाली पाणी आणि मधे एक स्पष्ट रेघ. हे पाणी इंजिनात गेलं तर गाडी झटके देते, चढावर दम सोडते आणि नेमकी नको तिथे उभी राहते. सगळेच ड्रायव्हर अधूनमधून हा स्क्रू सोडतात. उस्ताद रोज सोडायचे. देवपूजा चुकली तरी चालेल, हे चुकायचं नाही.

पण म्हणून उस्ताद फार मोठे जाणकार होते असं समजू नका. त्यांना सगळ्याच गोष्टींत पाणी दिसायचं. शेठना खोकला झाला, "छातीत पाणी उतरलं." टपरीवाल्याचा चहा बिघडला, "पाणी शिरलं." कोणाची सोयरीक मोडली तरी, "कुठंतरी पाणी लागलं असंल." एकदा विल्होळीच्या चढावर गाडी ओढेना. उस्तादांनी फिल्टर उघडून त्यातलं सगळं डिझेल रस्त्यावर सांडलं, परत फिरून पंप गाठला आणि पंपवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पंपवाला शांतपणे केबिनमध्ये चढला, वाकला आणि अॅक्सिलरेटरच्या पायपट्टीखाली अडकलेली एक चप्पल बाहेर काढली. पुढे वर्षभर उस्ताद पंपावर गेले की तो हात जोडून म्हणायचा, "उस्ताद, या. चप्पल बाहेर काढून या."

ती चप्पल त्यांच्या मेहुण्याची होती. मेहुणा म्हणजे बायकोचा भाऊ, उस्तादांपेक्षा वयानं मोठा आणि त्यांच्याच गाडीवर क्लीनर. एवढा म्हातारा क्लीनर सगळ्या मुंबई-आग्रा रोडवर दुसरा नसेल. गुडघे कुरकुरायचे, टपावर चढता यायचं नाही, पण तोंड अखंड चालू. केबिनमध्ये डावीकडे बसून तो रस्त्याचं वर्णन करायचा. "म्हातारी चाललीय, दाजी. कुत्रं हाय. बैलगाडी आली डावीकडनं. पोरगं लय आगाव हाय, आडवं येईल बघा. खड्डा. दुसरा खड्डा. सायकलवाला, दुधाचे कॅन लावलेत गड्यानं."

"याला गप करा हो," मी एकदा वैतागून म्हणालो होतो.

"बोलू द्या," उस्ताद म्हणाले. "रेडिओ बिघडलाय ना गाडीतला."

मी हसलो होतो. सगळेच हसायचे.

उस्ताद गोदाकाठच्या एका गावचे, निफाडच्या बाजूचे. तिकडची थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना त्यांची दुसरी गोष्ट पटेल. उस्ताद म्हणायचे, टाकी रात्री रिकामी ठेवली की तिला आतून घाम येतो आणि सकाळी त्याचं पाणी झालेलं असतं. म्हणून संध्याकाळीच टाकी गळ्यापर्यंत भरायची. शेठ म्हणायचे, भरली टाकी रात्री उभी केली की सकाळी अर्धी होते, लोकं नळी टाकून डिझेल काढून नेतात. हा वाद दर हिवाळ्यात व्हायचा.

"उस्ताद, तुमच्या घामापेक्षा चोर महाग पडतो मला."

"शेठ, चोर डिझेल नेतो. पाणी इंजिन नेतं."

"मग झोपा टाकीपाशी!"

आणि उस्ताद खरोखरच टाकीशेजारी बाज टाकून झोपायचे, डोक्यावरून गोधडी घेऊन. दोघंही जिंकल्याच्या थाटात घरी जायचे. म्हणजे शेठ घरी जायचे, उस्ताद बाजेवर.

डॅशबोर्डवरच्या दिव्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. जुन्या गाडीत ऑइलचा लाल दिवा कायम पेटलेला असायचा. वायरमननं दुरुस्त केला तर तो कायमचा विझला. पुन्हा दुरुस्त केला तर पाऊस पडला की पेटायचा. उस्तादांनी शेवटी त्यावर बायकोच्या पाकिटातली एक टिकली चिकटवून टाकली. "दिव्याचं पाव्हण्यासारखं असतं, भाऊसाहेब," ते म्हणायचे. "यायचा तवा येत नाय, आला की जात नाय."

माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी स्वतःला दोष देत राहणारा माणूस आहे. आई आजारी असताना मी परीक्षेला गेलो होतो, वडिलांना घर बांधून देता आलं नाही, बायकोला फिरायला नेता आलं नाही. असल्या गोष्टी मी उस्तादांजवळ बोलायचो. ते ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, "तुम्ही सारखा फिल्टरच उघडून बसता. एकदा घट्ट करा तो स्क्रू आन् मारा स्टार्टर." माझ्या मुलीच्या बारशाला हे दाजी-मेहुणे दोघं द्राक्षांची पेटी घेऊन आले होते. मेहुण्यानं दारातून पाळण्यापर्यंत घराचं वर्णन केलं. "उंबरा हाय. पाट हाय. समई हाय, दाजी, धोतर सांभाळा." बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मग नवं शतक लागल्यावर काही वर्षांनी नवा ट्रक आला. इंजिन नव्या पद्धतीचं होतं. त्याचा पंप इतका नाजूक की पाण्याचा थेंब खपत नाही, असं कंपनीच्या माणसानं बजावलं. म्हणून डॅशबोर्डवर खास एक पिवळा दिवा होता. फिल्टरचं चित्र आणि खाली थेंब. तो पेटला की फिल्टरमध्ये पाणी साचलं असं समजायचं, गाडी थांबवायची, पाणी सोडायचं, मगच पुढे जायचं. शेठनी तसा नियमच केला. उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् दिवाच बिघडला तर कुठला दिवा लागंल?"

कंपनीचा माणूस हसला. पण उस्तादांचं म्हणणं लवकरच खरं ठरलं. फिल्टरजवळच्या वायरीच्या जोडात चिखल गेला की दिवा उगाच पेटायचा. गाडी थांबवावी, स्क्रू सोडावा, तर निव्वळ डिझेल. असं बऱ्याचदा झालं. मेहुणा चपलेनं डॅशबोर्डवर एक फटका मारायचा आणि दिवा विझायचा. "ऐकतो हा," तो म्हणायचा, "चपलेचं ऐकतो."

काही दिवसांनी त्याही दिव्यावर टिकली आली. शेठ माझ्यावर ओरडले, म्हणून मी ती नखानं खरवडून काढली. उस्ताद खालून बघत होते. "नव्या नवरीची टिकली काढता व्हय भाऊसाहेब? पाप लागंल." ते चेष्टेनं म्हणाले, पण माझा स्वभाव तुम्हाला आता ठाऊक आहे. मला दोन दिवस ते लागून राहिलं.

याच काळात गाडीचा डावा आरसा वारंवार फुटू लागला. उस्ताद दरवेळी दुसऱ्याला दोष द्यायचे. नाशिकच्या रिक्षावाल्यांना, मनमाडच्या बसवाल्यांना, एकदा तर लासलगाव मार्केटमधल्या एका बैलाला. मी नवा आरसा आणून द्यायचो. मला काही वेगळं वाटलं नाही. आता विचार करतो, का वाटलं नाही?

तो दिवस पावसाळ्याच्या अखेरीचा होता. एका व्यापाऱ्याकडे काम होतं म्हणून मी लासलगावला गेलो होतो. लिलाव उरकले, गाडी भरली, आणि परतताना मी उस्तादांबरोबर केबिनमध्ये बसलो. मला नाशिकला सोडून ते पुढे मुंबईला जाणार होते. मेहुणा नव्हता. गुडघ्यांचं औषध घ्यायला तो गावी राहिला होता आणि द्वारकेला गाडीवर चढणार होता. त्याच्या जागेवर, डावीकडे, मी. केबिन इतकी शांत की ताडपत्रीचा फडफडाट ऐकू येत होता.

निफाडच्या पुढे पिवळा दिवा पेटला.

"उस्ताद, दिवा लागला."

"कुठला?"

पेटलेला दिवा एकच होता, तोही त्यांच्या समोर. मला जरा चमत्कारिक वाटलं. "पाण्याचा," मी म्हणालो.

"असू द्या. सकाळी चिखलातून काढलीय. खोटा असंल."

थोडं पुढे गेलो आणि डावीकडे एक दूधवाला सायकलवर दिसला. गाडी त्याच्याकडे सरकत होती. मला वाटलं, आता उस्ताद उजवीकडे घेतील. मग घेतील. अगदी शेवटी मी ओरडलो, "सायकल! उस्ताद, सायकल!" त्यांनी गाडी जोरात उजवीकडे ओढली. दूधवाला कॅनसकट मातीत उतरला, पण पडला नाही. मागून त्याचा आवाज आला, "आंधळा हाय का रे!"

उस्ताद हसले. "लय तोंडाळ असतात हे दूधवाले." पण त्यानंतर त्यांनी गाडीचा वेग निम्म्यावर आणला.

त्यानंतर फार वेळ गेला नाही. गाडीनं झटके द्यायला सुरुवात केली. उस्तादांनी चांदोरीच्या अलीकडे एका बाभळीखाली ती उभी केली. खाली उतरून त्यांनी सवयीनं फिल्टरचा स्क्रू सोडला, ग्लास भरला आणि माझ्यापुढे धरला.

"बघा भाऊसाहेब. काय दिसतं?"

लख्ख ऊन होतं. ग्लासात अर्ध्यापर्यंत पाणी होतं. शाळेतल्या प्रयोगात दाखवतात तशी मधली रेघ दिसत होती. लहान पोरालाही कळलं असतं.

मी ग्लासाकडे बघितलं, मग उस्तादांच्या डोळ्यांकडे. ते डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते, ग्लासाकडे नाही. आणि मी म्हणालो, "स्वच्छ आहे, उस्ताद."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी ग्लास स्वतःच्या डोळ्यांपुढे धरला. उजेडाकडे तोंड केलं. मान हलवली.

"बराबर," ते म्हणाले. "म्हटलं ना, दिवा खोटा हाय." आणि ग्लास मातीत ओतून टाकला.

स्क्रूमधून पडणाऱ्या धारेखाली नुसतं बोट धरलं असतं तरी त्यांना कळलं असतं. डिझेल बोटाला तेलकट लागतं, पाणी लागत नाही. पण भाऊसाहेबांनी सांगितल्यावर बोट कशाला भिजवायचं?

म्हातारी, कुत्रं, बैलगाडी, खड्डा, उंबरा, समई, सगळं एकदम कानात वाजलं. मेहुणा बडबड करत नव्हता. तो यांना रस्ता दाखवत होता. आणि रोज सकाळी हे मला शिकवत नव्हते. हे मला विचारत होते.

"उस्ताद," मी म्हणालो, "अर्धा ग्लास पाणी होतं."

ते फडक्यानं हात पुसत होते. पुसतच राहिले.

"मग खोटं का बोललात?"

सरळ विचारता आलं असतं, "उस्ताद, तुम्हाला दिसत नाही का?" ते विचारायचा धीर नव्हता, म्हणून मी सापळा लावला.

ते केबिनच्या पायरीवर बसले. मी विचारलं, "कधीपासून?"

"डाव्याचं लय दिवस झाले. उजव्यापुढं आता आता धुकं यायला लागलं."

"आणि गाडी कशी चालवता?"

"रस्ता पाठ हाय. बाकीचं तो सांगतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही आज त्याच्या जागी बसलात, भाऊसाहेब. पण गप बसलात."

"डोळे दाखवायचे होते."

"थोरल्या भावानं दाखवले होते. शिबिरात ऑपरेशन केलं, आन् होतं ते बी गेलं. अंगणात बसून असायचा. कोणी आलं की विचारायचा, कोण हाय? दिवसभर तेवढंच. कोण हाय, कोण हाय." त्यांनी टायरवर हात ठेवला. "मी घाट उतरवतो तवा मी कोणीतरी असतो. ही गेली की मी बी अंगणातच."

मी सांगितलं की आता मी त्यांना गाडी चालवू देणार नाही. त्यांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "शेठला मी सांगणार. तुम्ही सांगायचं नाय. एवढं ठेवा माझ्याकडं."

मोबाइलवरून मी ऑफिसात कळवलं की गाडी बिघडली आहे आणि उस्तादांना बरं नाही, दुसरा ड्रायव्हर पाठवा. तो येईपर्यंत उस्ताद फिल्टरमधलं पाणी काढत राहिले. प्रत्येक ग्लास मला दाखवायचे, मी खरं सांगायचो. आणि मी सांगितल्यावर ते धारेखाली बोट धरायचे, अंगठ्यावर चोळून बघायचे. एकदाही चुकले नाहीत. इतक्या वर्षांत माझ्या शब्दावर त्यांनी कधी बोट भिजवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेठसमोर उभे राहिले. मेहुणा मागे होता, बोलत नव्हता. उस्तादांनी एका वाक्यात सांगितलं. शेठ आधी हसले, त्यांना चेष्टा वाटली. मग खुर्चीतून उठले.

"अहो, घाट उतरत होता तुम्ही! लोकं असतात रस्त्यावर, उस्ताद! पोरं असतात!"

"हाय, शेठ. चुकलंच."

"आणि हा म्हातारा? ह्याला ठाऊक होतं?"

"बहिणीचा नवरा हाय, शेठ," मेहुणा म्हणाला. "त्याला नाय कसं म्हणू? मला वाटलं, माझे डोळे चालतात तवर दोघांचं भागंल."

शेठ माझ्याकडे वळले. "आणि भाऊसाहेब, लायसनच्या वेळी डोळ्यांचा दाखला लागतो. तो कोण आणतं?"

तो मी आणायचो. ड्रायव्हरांचे फोटो एजंटाला द्यायचो आणि तो सगळ्यांचे दाखले गठ्ठ्यानं आणून द्यायचा. ड्रायव्हर गाडीवर, डोळे ड्रायव्हरजवळ आणि दाखला माझ्या टेबलावर. त्या काळी आमच्या लायनीत असंच चालायचं आणि त्यात काही वावगं आहे असं कोणालाच वाटायचं नाही. मलाही नाही, जो मी चहाचा कप फुटला तरी दिवसभर हळहळायचो. उस्तादांसाठी लावलेल्या सापळ्याचं मला जेवढं लागलं, त्याहून हे जास्त लागायला हवं होतं. त्या दिवशी ते लागलं. तेव्हापासून मी प्रत्येक ड्रायव्हरला स्वतः घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो. ते मला शिव्या देतात. देऊ देत.

शेठनीच उस्तादांना चांगल्या डॉक्टरांकडे नेलं. मीही गेलो. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, तो काढता येईल, समोरचं बरंच साफ दिसेल. पण मागे काचबिंदूही आहे. बाजूचं दिसणं त्यानं खाल्लंय, डावीकडचं जवळजवळ सगळं. ते परत येत नाही. आहे तेवढं थेंब टाकून सांभाळायचं. आधी आले असते तर बरंच वाचलं असतं.

"म्हणजे गाडी?" उस्तादांनी विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली. उस्तादांना ती दिसली की नाही कोण जाणे. ते पुन्हा म्हणाले, "गाडीचं काय?"

"गाडी नाही, बाबा," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी उस्तादांनी माझा हात असा धरला होता की बोटं सुजली. भावासारखं झालं नाही. पट्टी काढली तेव्हा मेहुणा समोर उभा होता. उस्तादांनी त्याला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, "अरे, तू तर लय म्हातारा झालास."

"आन् तुम्ही काय बाशिंग बांधायला निघालात?" मेहुणा म्हणाला, आणि रडायला लागला.

पुढे उस्ताद गावीच राहिले. अंगणात बसून राहिले नाहीत. भावाच्या पोरांच्या शेतात वाफ्यांना पाणी द्यायचे, समोर दिसायचं तेवढ्यात काम करायचे. मी वर्षातून एखाद्या वेळी जायचो. जास्त जायला हवं होतं. ते गेल्याचं मला उशिरा कळलं, दहावा उलटून गेल्यावर. गावी गेलो तेव्हा मेहुणा ओट्यावर एकटाच बसला होता आणि एक शब्द बोलला नाही.

उस्तादांची आठवण निघाली की मला एक दुपार दिसते. ऑपरेशनला महिना-दीड महिना झाला असेल. हिशेब करायला म्हणून ते ऑफिसात आले. हिशेब झाला, चहा झाला, तरी उठेनात. मग म्हणाले, "शेठ, एकदा लावू का गाडी? रस्त्यावर नाय. आवारातच. मागं घेऊन जाग्यावर उभी करतो, बस."

शेठनी टेबलावरची किल्ली उचलून दिली.

आवारात आम्ही सगळे त्यांच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलो. उस्तादांना बाजूचं दिसत नव्हतं, म्हणून बाजूला आम्ही. डावीकडे मेहुणा आणि खुद्द शेठ, पांढऱ्या कपड्यांत, टायरच्या चिखलाशेजारी. उजवीकडे दुसरे ड्रायव्हर. मागे, भिंतीला पाठ लावून, मी. गाडी सुरू झाली आणि सावकाश मागे येऊ लागली.

"येऊ द्या," मेहुणा ओरडला.

"येऊ द्या, येऊ द्या," शेठ ओरडले. त्यांना मी असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

"येऊ द्या," मी म्हणालो.

गाडी सरळ रेषेत येत होती. वेळ आली की मागच्या माणसानं 'बास' म्हणायचं असतं, ते काम माझं होतं. भिंत आणि गाडी यांत हातभर अंतर राहिलं, मी बाजूला सरकलो. वीतभर राहिलं. मी 'बास' म्हणू शकलो नाही. ते म्हटल्यावर उस्तादांची गाडी संपणार होती.

मी न सांगताच गाडी थांबली. मागच्या फळीत आणि भिंतीत पंजा मावला नसता. खिडकीतून उस्तादांचं डोकं बाहेर आलं.

"भाऊसाहेब, भिंत आली का?"

"नाही, उस्ताद," मी म्हणालो. "अजून आहे थोडी जागा."

ते मागे वळून माझ्याकडे बघत राहिले, सरळ, मी त्यांना नीट दिसेन असे. मग हसले आणि त्यांनी इंजिन बंद केलं.